शेजारच्या बंद घराची झडती आणि पंच म्हणून माझी साक्ष

पोलिसांनी घरझडतीला पंच म्हणून थांबवलं, सही घेतली आणि पुढे कधीतरी कोर्टाचं समन्स दारात आलं, तर नेमकं काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना विचारलं त्यांनी "कशाला त्या भानगडीत पडलात" एवढंच ऐकवलं. माझी साक्ष झाली, निकालही लागला, म्हणून आता तारखांसकट लिहिते आहे. प्रकरण कुत्र्यांच्या हालांचं होतं. पोलीस वॉरंट न घेता एका बंद घरात शिरले होते, त्यामुळे कोर्टातला निम्मा वाद त्या दाराचाच झाला. यात कुणाचंच नाव घेत नाही. ते शेजारी अजून आमच्याच गल्लीत राहतात.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. रो-हाउसची गल्ली, भिंतीला भिंत लागून. मी घरून कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी घेते, म्हणजे दिवसभर घरातच. एप्रिल २०२३ चा शेवटचा आठवडा होता. त्या दिवसांत आपल्याकडे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तिसऱ्या घरातली मंडळी बाहेरगावी गेली होती आणि मागच्या बाजूने त्यांच्या लॅब्राडोरचं भुंकणं सतत ऐकू यायचं. कुणीतरी येऊन बघत असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. मग भुंकणं थांबलं, नुसतं कण्हणं राहिलं आणि वास सुटला. नळाला पाणी आलं त्या सकाळी सगळी गल्ली पाइप घेऊन दारात होती, तेव्हा समोरच्या अक्का म्हणाल्या, "त्या घरात पाणी भरायलाबी कुणी आलं नाही की गं." मालकांचा फोन बंद. २७ एप्रिलला दुपारी अक्कांनी ११२ लावला.

एक फौजदार आणि दोन शिपाई आले. खिडकीच्या फटीतून टॉर्च मारला तेव्हा हॉलमध्ये सोफ्याशेजारी त्यांचं म्हातारं पॉमेरियन पडलेलं दिसलं. हालचाल नव्हती. मागच्या भिंतीवरून डोकावलं तर लॅब्राडोर आखूड साखळीला बांधलेली, उन्हात, पाण्याचं भांडं उलथं. गल्लीतली पोरं भिंतीवरून उडी मारायला निघालीच होती. फौजदारांनी त्यांना अडवलं. "तुम्ही आत गेलात तर घरात घुसल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. आणि उद्या वकील विचारेल, भांडं तुम्हीच उलथं केलं नाही कशावरून?" त्या क्षणी मला ते निष्ठुर वाटलं. कोर्टात गेल्यावर पटलं.

फौजदार साहेब वरिष्ठांशी बराच वेळ फोनवर बोलले. मग माझ्याकडे आणि कोपऱ्यावरच्या निवृत्त शिक्षकांकडे वळले. "वहिनी, सर, पंच म्हणून थांबाल का?" घरात पीठ मळून ठेवलेलं होतं. पण नाही म्हणवेना. झडतीला त्या भागातले किमान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी लागतात, आणि लेखी आदेश देऊन बोलावल्यावर योग्य कारणाशिवाय नकार देणं हाच गुन्हा ठरतो, हे मला नंतर कळलं. आजारपण, घरात लहान बाळ अशी खरी अडचण असेल तर तिथेच स्पष्ट सांगावी.

कुलूपवाला आला, सरकारी दवाखान्यातले पशुवैद्यकीय डॉक्टर आले. कुलूप तोडायच्या आधी फौजदारांनी पंचनाम्याचा पहिला परिच्छेद दारातच लिहून घेतला. किती वाजले, आतून काय दिसतं, मालकाचा फोन कोणत्या नंबरवर आणि कितीदा लावला, जनावर जिवंत असून वॉरंट आणेपर्यंत मरण्याचा संभव आहे, म्हणून दार उघडत आहोत. हे सगळं त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. पुढे याच परिच्छेदावर खटला तरला.

आत गेल्यावर वासाने उभं राहवेना. पॉमेरियन मेलेलं होतं. लॅब्राडोरच्या बरगड्या मोजता येत होत्या, डॉक्टरांनी तिथेच सलाइन लावली. घरात कुठेही पाणी नव्हतं, खाण्याची पिशवी ओट्यावर तोंड बांधलेली. डॉक्टर सांगत होते, शिपाई लिहीत होता, फोटो निघत होते. एवढ्यात दुसऱ्या शिपायाने बेडरूममध्ये जाऊन लोखंडी कपाट उघडलं. साड्या, स्टीलचे डबे, कागदांच्या फायली. मी दारातच उभी होते. परक्या बाईचं कपाट तिच्यामागे उघडलेलं बघताना मला अंगावर कुणी हात टाकल्यासारखं झालं. सर लगेच म्हणाले, "साहेब, आपण कुत्र्यांसाठी आत आलोय." फौजदारांनी शिपायाला बाहेर बोलावलं, कपाट लागलं. मिनिटभराचीच गोष्ट.

सह्या करायच्या वेळी सरांनी पंचनामा चष्मा लावून ओळन् ओळ वाचला. कपाटाचा उल्लेख नव्हता. सर शांतपणे म्हणाले, "ते पण लिहा, घडलंय ना." थोडी कुरकुर झाली, पण वाक्य घातलं गेलं: बेडरूममधील कपाट उघडून पाहिले, काही मिळून आले नाही. मग आम्ही प्रत्येक पानावर सही केली. लॅब्राडोरला टेम्पोतून एका प्राणी संस्थेच्या निवाऱ्यात नेलं. संध्याकाळी मालकांचे भाऊ अक्कलकोटहून आले, त्यांना जप्तीच्या यादीची प्रत दिली. त्याच संध्याकाळी गुन्हा नोंदवला गेला: तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२९ आणि प्राण्यांवरील क्रूरतेच्या १९६० च्या कायद्याचं कलम ११.

एक गोष्ट इथेच सांगते. त्या दिवशी घरी आल्यावर मी वहीत जे पाहिलं ते वेळेसकट लिहून ठेवलं. पावणेदोन वर्षांनी मनाशी उजळणी करायला तिचाच आधार झाला.

यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. दोषारोपपत्र जुलैत गेल्याचं कानावर आलं. प्राण्यांच्या त्या १९६० च्या कायद्याखाली घटनेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो दाखलच होत नाही, त्यामुळे तक्रार करणाऱ्यांनी ही तारीख डोक्यात पक्की ठेवावी. मालक मंडळी परतली होती. त्यांच्या घरात एक दुखणं निघालं होतं, घाईघाईत हैदराबादला दवाखान्यात जावं लागलं, आणि कुत्र्यांना खाऊ घालायला एका मुलाला किल्ली व पैसे दिले होते, तो फिरकलाच नाही, असं ते सांगत. खरं असेलही. माझा त्यांच्यावर राग होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदमच.

समन्स नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. पोलीस अंमलदार घरी येऊन देऊन गेले, एका प्रतीवर माझी सही घेतली. हातात कागद आला तसे माझे पाय गार पडले. आरोपी म्हणून बोलावलंय की काय असंच सासूबाईंना वाटलं. कागदावर 'साक्षीदार' लिहिलेलं असतं, ते आधी बघा. खटल्याचा नंबर, कोर्टाचं नाव आणि तारीख यांचा फोटो काढून ठेवा. ई-कोर्ट्‌सच्या ॲपवर तोच नंबर टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते.

माझा भाचा दयानंद लॉ कॉलेजात शिकतो. त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, पोलीस त्या दिवशी बरोबर वागले का? त्याने तो प्राण्यांचा १९६० चा कायदा काढून वाचून दाखवला. मी तर समजत होते, जनावर मरतंय म्हटल्यावर पोलीस कुठेही शिरू शकतात. तसं सरसकट नाही. या कायद्याच्या कलम ३२ मध्ये फौजदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय आत शिरायची मुभा आहे, पण ती दोनच बाबतींत. एक, गाय, तिचं वासरू किंवा शेळी क्रूरपणे मारल्याचा संशय. दुसरी, दूध वाढवण्यासाठी जनावरावर फुका किंवा डूमदेव करण्याचा, म्हणजे मादीच्या जननमार्गात हवा किंवा काही घालण्याचा प्रकार. उपाशी, तहानलेलं, साखळीला बांधलेलं कुत्रं यात बसत नाही. त्यासाठी कलम ३३. कुणीही लेखी माहिती द्यायची, आणि न्यायदंडाधिकारी किंवा शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षक झडतीचं वॉरंट देऊ शकतात. म्हणजे सोलापूर शहरात त्यासाठी कोर्ट उघडायची वाटही बघायला नको. हे आम्हाला त्या एप्रिलमध्ये माहीत असतं तर अक्कांनी दोन ओळी लिहून दिल्या असत्या.

मग कलम ३४ आहे. शिपायापेक्षा वरच्या हुद्द्याचा कोणताही पोलीस हालात असलेलं जनावर ताब्यात घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकापुढे नेऊ शकतो. पण जनावर ताब्यात घेणं वेगळं आणि त्यासाठी कुणाचं दार तोडणं वेगळं, यावरच वकील बोट ठेवतात. कलम ११ चे बहुतेक गुन्हे अदखलपात्र, त्यांचा तपासही न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय होत नाही. जनावर ठार किंवा जायबंदी केल्याचं ४२९ कलम मात्र दखलपात्र होतं, आणि दखलपात्र गुन्ह्याच्या तपासात उशीर परवडणारा नसेल तर कारणं आधी लिहून वॉरंटशिवाय झडती घेता येते. दारातला तो पहिला परिच्छेद त्यासाठीच होता.

भाच्याने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा एक निकालही सांगितला. तिथे जानेवारीच्या बर्फात एका कुंपणाआड दोन कुत्री मेलेली आणि तिसरं मरायला टेकलेलं शेजाऱ्यांनी दाखवलं, पोलीस वॉरंटशिवाय आत शिरले. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की माणसाचा जीव वाचवायला पोलिसांना जी तातडीची सवलत आहे, तीच प्राण्यालाही लागू होते. पण आत गेल्यावरचं वागणंही त्या संकटापुरतंच असलं पाहिजे. हे ऐकताना मला ते कपाटच आठवत होतं.

तारखेच्या चार दिवस आधी शेजारी स्वतः घरी आले. चहा घेतला नाही. "वहिनी, तुम्ही फक्त आठवत नाही म्हणा. एवढ्या दिवसांनी कुणाला आठवतंय?" धमकी नव्हती, आवाजात काकुळती होती. मी म्हणाले, "भाऊजी, जे पाहिलं ते सांगणार. तुमचं कपाट उघडलं तेही सांगणार." ते थोडा वेळ बसले आणि उठून गेले. त्या रात्री मला झोप आली नाही. गल्लीत एकमेकांच्या हळदीकुंकवाला जाणाऱ्या बायका आम्ही, उद्या तोंड कसं दाखवायचं? ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझं सांगणं एवढंच की अशी विनंती आली तर लगेच घरच्यांना सांगा, आणि धमकी असेल तर सरकारी वकिलांना. मनात ठेवून कोर्टात जाऊ नका.

१२ नोव्हेंबरची पहिली तारीख वाया गेली. आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात होते. सकाळी साडेदहापासून बाकावर बसून राहिले आणि दुपारनंतर पुढची तारीख मिळाली. डिसेंबरातही तेच. रिक्षाला जाऊन-येऊन दोनशेच्या घरात जातात, आणि त्या दिवसाच्या ऑर्डरी बुडतात ते वेगळंच. साक्षीदाराला प्रवासाचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं, पण तो मागावा लागतो. हजेरी लागल्यावर शिरस्तेदारांकडे विचारा. मला तिसऱ्या वेळी थोडे पैसे मिळाले. डबा, पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि समन्स बरोबर असू द्या. मोबाइल बंद. पुकारा बाहेरच्या व्हरांड्यात होतो आणि गर्दीत ऐकू येत नाही, म्हणून दाराजवळच बसा.

सर तोवर तब्येतीमुळे मुलाकडे पुण्याला गेले होते. पंच म्हणून मी एकटीच उरले.

२० जानेवारी २०२५. गड्डा यात्रा चालू होती, संक्रांतीच्या ऑर्डरींनी हात भरून आले होते. कोर्टात जायच्या आधी सहायक सरकारी वकील मॅडमनी पंचनामा वाचायला दिला. मी विचारलं, कपाटाचं काय? त्या म्हणाल्या, "विचारलं तर जे पाहिलं तेच सांगा. काही लपवू नका आणि काही वाढवू नका." त्या एका वाक्याने माझी अर्धी भीती गेली. शपथ घेतली आणि सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, तासाभरात संपला. काय पाहिलं, कुणी काय केलं, या सह्या तुमच्या का, हे फोटो त्याच घराचे का. न्यायाधीश साहेब स्वतः मराठीत जबाब टाइप करून घेत होते. शेवटी तो वाचायला देतात. एक ठिकाणी 'समोरची खिडकी'चं 'मागची खिडकी' झालं होतं, मी सांगितलं, त्यांनी लगेच दुरुस्त केलं. वाचल्याशिवाय सही करू नका.

उलटतपास, म्हणजे आरोपीच्या वकिलांचे प्रश्न, ११ फेब्रुवारीला. याचीच सगळ्यांना धास्ती असते. वकील मोठ्याने बोलतात, पण ते तुमच्यावर चिडलेले नसतात. वॉरंट दाखवलं का? नाही. मालकाची परवानगी होती का? फोन लागत नव्हता. आयुक्तांकडे कुणी लेखी अर्ज केला होता का? माझ्या माहितीप्रमाणे नाही. पंचनामा पोलीस ठाण्यात लिहिला आणि तुम्ही तिथे जाऊन सही केली? हे बरोबर नाही, दारातच लिहिला. आरोपीशी तुमचं गाडी लावण्यावरून भांडण होतं? नव्हतं. शेवटी कपाट. उघडलं का? हो. त्यात कुत्रं होतं का? नाही. मग कशासाठी उघडलं? "ते मला माहीत नाही. उघडलेलं मी पाहिलं, आणि लगेच बंद केलेलंही पाहिलं." वकील साहेब क्षणभर थांबले. त्यांना बहुतेक मी नाकारेन असं वाटत होतं.

जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही' म्हणता येतं. अंदाजाने उत्तर देऊ नका. प्रश्न दोन प्रश्नांचा मिळून असेल तर तसं सांगा, न्यायाधीश तो तोडून विचारायला लावतात.

निकाल २४ जूनला लागला. मला हजर राहायचं नव्हतं, कोर्टाचं काम बघणाऱ्या पोलीस अंमलदारांनी कळवलं, नंतर नक्कल काढून वाचली. ४२९ मधून ते सुटले. मुलाला किल्ली आणि पैसे दिल्याचा पुरावा आला होता, जाणूनबुजून मारलं हे सिद्ध झालं नाही. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न दिल्याबद्दल कलम ११ खाली दोषी ठरले. दंड पन्नास रुपये. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात दहा ते पन्नास रुपयेच आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवण्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मांडला होता. पन्नास रुपये वाचून मी रडले हे खरं आहे. त्या पॉमेरियनच्या जिवाची ती किंमत मला मान्य नाही.

झडतीबद्दल कोर्टाने जे लिहिलं ते मी दोनदा वाचलं. झडतीत उणीव असली म्हणून मिळालेला पुरावा आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूरनमल आणि महाराष्ट्रातल्याच नटवरलाल सोनी प्रकरणात म्हटलेलं आहे; असा पुरावा फक्त जास्त काळजीने तपासायचा. कारणं आधी लिहिलेली, डॉक्टर हजर, पंचाने कपाटाबाबतही खरं सांगितलं, म्हणून पुरावा मानला. कपाट उघडण्याची गरज नव्हती, असंही नोंदवलं. मला स्वतःला ते दार उघडणं योग्यच वाटतं, उद्याही वाटेल. कपाट उघडणं चुकीचं होतं. दोन्ही एकाच जबाबात सांगता आलं, आणि दुसरं सांगितल्यामुळे पहिल्यावर विश्वास बसला, असं मला निकाल वाचून वाटलं. लॅब्राडोरचा ताबा शेजाऱ्यांनी परत मागितला नाही. ती संस्थेकडेच आहे.

ज्यांच्या शेजारी आत्ता असं बंद घर असेल त्यांच्यासाठी. जीव धोक्यात असेल तर आधी ११२, आणि त्याच वेळी कलम ३३ चा उल्लेख करून साधा लेखी अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे. पत्ता, काय दिसतं, काय ऐकू येतं, कधीपासून, मालकाशी संपर्काचे प्रयत्न, एवढं पुरे. बाहेरून, आपल्या जागेतून काढलेले फोटो जोडा, भिंत ओलांडू नका. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण सक्तीचं आहे, म्हणून पंच असाल तर पोलिसांच्या मोबाइलवर चित्रण चालू आहे ना ते बघा. आणि ज्यांच्या घरात वॉरंटशिवाय झडती झाली त्यांनी लक्षात ठेवावं, लिहिलेल्या कारणांची प्रत पोलिसांनी ४८ तासांत न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते, आणि अर्ज केला की ती घरमालकाला फुकट मिळते. आमच्या शेजाऱ्यांना हे मीच सांगितलं. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या.